फणसाचा हिशेब

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकींनी गरे पाठवले. स्टीलचं मोठं पातेलं, वर केळीच्या पानाचा तुकडा, आणि ते पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलेली त्यांची सात वर्षांची नात. गडग्याचे दोन चिरे जिथे निखळलेत तिथून ती तोल सांभाळत आली, पातेलं ओटीवर ठेवलं, "आजयेन दिल्यान" एवढंच म्हणाली आणि आली तशी पळाली. पान उचललं तर कापा फणस. पिवळेधमक, करकरीत गरे, आठळ्या काढलेले, एक तंतू राहू न देता साफ केलेले. ज्याने कधी फणस फोडलाय त्याला ठाऊक असतं की हे तासाभराचं काम आहे. विळीला तेल, हाताला तेल, तरी चीक लागायचा तो लागतोच आणि दोन दिवस बोटं एकमेकांना चिकटत राहतात. मी चार गरे उभ्या उभ्या खाल्ले. पाचवा हातात धरून तसाच उभा राहिलो.

कारण तीनच दिवसांपूर्वी याच ओटीवरून मी त्या घरच्या कर्त्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

अण्णा दिवेलागणीला आले होते. आमच्या देवगडकडे मे महिन्यात त्या वेळी हवा अशी थांबून राहते की माडाची झावळीसुद्धा हलत नाही. चहा झाला, यंदाच्या आंब्याचं रडगाणं झालं, वाशीच्या दराला शिव्या घालून झाल्या. मग त्यांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला. पुतण्याला जुनी पिकअप घ्यायची होती, पेट्या वाहायला. पतपेढी कर्ज द्यायला तयार होती, पण एक जामीन पगारदार किंवा पेन्शनवाला हवा. "नुसती सही व्हयी," अण्णा म्हणाले, "पैशे तो भरतलो." मी कागद हातात घेतलाच नाही. घेतला असता तर परत देणं कठीण गेलं असतं. "अण्णानू, मी जामीन रवाचंय नाय," मी म्हणालो, "कोणाकच नाय." कारण सांगितलं नाही, सबब सांगितली नाही, मुलीचं लग्न, बायकोचं आजारपण, काही काही मध्ये घातलं नाही. अण्णांनी कागद पुन्हा चौघडी केला. कपातला चहा संपवला. "बरा. इचारून बघलंय," म्हणाले, आणि चपला घालताना नेहमीसारखं "येतंय" म्हणून गेले.

'नुसती सही' असं काही नसतं, हे मला तीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीने शिकवलं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे आधी कर्जदाराची भांडीकुंडी विका आणि मग उरलंसुरलं जामीनदाराकडे मागा, असा क्रम कायद्यात नाही. बँक सरळ तुमच्या दारात येऊ शकते. माझ्या टेबलासमोर किती माणसं बसून गेली असतील ज्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, "साहेब, मी नुसती सही केलेली." कुणी मेव्हण्यासाठी, कुणी वर्गमित्रासाठी, एकाने तर न्हाव्याच्या दुकानात ओळख झालेल्या माणसासाठी. विचारलं की का केलीत, तर उत्तर ठरलेलं. नाही कसं म्हणायचं?

पण मी हे बँकेत शिकलो असं म्हणणं खोटं होईल. शिकलो त्याआधीच, घरात, पावसाळ्यात. बाबा प्राथमिक शिक्षक. १९७४ च्या सुमारास ते एका सहकाऱ्याला जामीन राहिले. सहकारी मुंबईला गेला तो गेलाच, आणि सोसायटीने हप्ते बाबांच्या पगारातून कापायला सुरुवात केली. चार वर्षं. आमच्यासाठी तो आकडा रुपयांचा नव्हता, कौलांचा होता. दरवर्षी मेअखेर कौलं परतायची, फुटकी बदलायची, तो खर्च बंद झाला. चार पावसाळे आम्ही पातेल्या, टोप, तांब्ये, घमेलं असं मिळेल ते गळतीखाली मांडून झोपलो. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. पितळी तांब्यात थेंब पडला की घंटीसारखा, घमेल्यात बद्द. बाबा जागे असायचे, मलाही ते जागे असल्याचं कळायचं, पण दोघंही झोपल्याचं सोंग करायचो. आई भांडली नाही. एकदाच, भरलेलं घमेलं उचलून पडवीतून बाहेर ओतताना म्हणाली, "भीड तुमची, भीक आमची." भीड भिकेची बहीण ही म्हण पुढे शाळेत फळ्यावर आली तेव्हा मी वहीत तिचा अर्थ लिहिला नाही. गुरुजींनी छडी मारली. गुरुजी म्हणजे बाबाच.

त्यामुळे कोल्हापूरला कॉलेजात असताना हॉस्टेलवर आयन रँडची 'द फाउंटनहेड' हातात आली तेव्हा मला ती कादंबरी वाटलीच नाही, पत्र वाटलं. पाठपुठ्ठा गेलेला, पानांना बुरशीचा वास, इंग्रजी निम्मंच कळणारं. साल १९८२. त्याच मार्चमध्ये ती बाई न्यूयॉर्कमध्ये वारली होती, याचा आम्हाला पत्ता नव्हता. नंतर तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं. जन्म १९०५, सेंट पीटर्सबर्ग. बापाचं औषधांचं दुकान होतं, ते क्रांतीनंतर बोल्शेविकांनी ताब्यात घेतलं. 'जनतेच्या भल्यासाठी' या शब्दांवरचा तिचा आयुष्यभराचा राग तिथून सुरू होतो असं मला वाटतं. दुकान गेल्यावर त्या घरातही कुणीतरी थेंब मोजले असतील. १९२६ मध्ये अमेरिका, १९४३ मध्ये 'द फाउंटनहेड', तीही बारा प्रकाशकांनी नाकारल्यावर, १९५७ मध्ये 'अ‍ॅटलस श्रग्ड'. आणि १९६४ मध्ये निबंधांचं पुस्तक, ज्याच्या नावातच तिने स्वार्थाला सद्गुण म्हणून टाकलं. हा शब्द तिने मुद्दाम, लोकांना टोचावा म्हणून वापरला होता. मराठीत तर तो आणखी टोचतो. स्वार्थी म्हणजे शिवीच. पण फोड करून बघा, स्व आणि अर्थ. त्यात वाईट कुठे आहे ते मला तेव्हाही सापडलं नाही, अजूनही सापडत नाही.

अर्थात एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात असं पुस्तक म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. मी हॉस्टेलच्या गणपतीची वर्गणी नाकारली. नुसती नाकारली नाही, वर्गणी मागायला आलेल्या दोघांना अर्धा तास भाषण दिलं. सुट्टीत घरी आल्यावर आईला सांगितलं की जास्त मोलाची गोष्ट सोडून कमी मोलाची धरणं म्हणजे त्याग, आणि तू चार वर्षं जो केलास तो त्यागच होता, म्हणून अनैतिक होता. आई खोबरं खवत होती. खवणीवरून न उठता म्हणाली, "मगे कौलां तू परत." पहिल्या पगारात मी ती परतलीही. तेव्हा वाटलं आपण आईचा मुद्दा खोडला. खरं तर तिने मला कामाला लावलं होतं.

त्यागाची ही व्याख्या मात्र माझ्याजवळ राहिली, कारण ती व्यवहारात उपयोगी पडते. रँडचं उदाहरण असं की भुकेल्या लेकरासाठी आई स्वतःची टोपी न घेता अन्न घेते, तर तो त्याग नव्हे, कारण तिला टोपीपेक्षा लेकरू मोलाचं. मोल उलटं असेल, आणि केवळ कर्तव्य म्हणून ती लेकराला भरवत असेल, तरच त्याग. आपल्याकडे या दोन्ही आयांना एकाच मखरात बसवतात. बाबांना सहकाऱ्याबद्दल माया होती का? नव्हती. तो माणूस त्यांना आवडतसुद्धा नव्हता. कौलं, आईची झोप, आमची पुस्तकं यांच्यापेक्षा त्यांना काय मोलाचं वाटलं असेल, तर समोरच्याचा पडलेला चेहरा न बघणं. याला गावात सगळे चांगुलपणा म्हणत. बाबांच्या तेराव्याला तीन जणांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या बापसान कधी कोणाक नाय म्हटला नाय." मी मान डोलावली. तेही भिडेनेच.

तेव्हा अण्णांना मी 'नाही' म्हणालो ते चाळीस वर्षांच्या सरावाने. आणि नुसतं तत्त्व म्हणून नाही, माणूस बघून. रँड न्यायाला सद्गुण मानते तो कोर्टातला न्याय नव्हे. प्रत्येकाला त्याच्या वागण्यावरून जोखायचं आणि त्याप्रमाणे वागवायचं, एवढंच. पुतण्या मी जोखलेला होता. तो कलमं कराराने घेतो. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष दांडी मारतो, हा त्याचा जन्मस्वभाव. त्यावर उपाय म्हणून पावसात, जुलै-ऑगस्टला, बुंध्याभोवती कल्टार, म्हणजे वाढ रोखणारं रसायन, घालतात. झाडाची पालवी आवरते, मोहर लवकर आणि भरपूर येतो. मापात घातलं, खतपाणी दिलं, तर झाड सोसतं. पण करार दोन-तीन वर्षांचा आणि झाड परक्याचं असलं की मापाला कोण विचारतो? आमच्या वरच्या सड्याकडच्या एका बागेत त्याने करार सोडल्यानंतरची कलमं मी बघितली आहेत. शेंड्यांना आखूड, गुच्छ झालेली फूट, जशी मुठीत आवळलेली बोटं. लोक त्याला स्वार्थी म्हणतात. मला तो शब्द इथे वापरणं पटत नाही. पुढच्या पाच वर्षांचं पीक यंदाच्या वीस पेट्यांसाठी जाळणाऱ्याला स्वतःचा अर्थ कळलाय असं कसं म्हणायचं? आज त्याच्या कराराला चांगली बाग कुणी देत नाही. म्हणूनच आता पिकअप.

इथपर्यंत माझा हिशेब चोख होता.

घोटाळा आहे तो २०२१ चा. त्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. मी नुकताच स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आलेलो. रात्रभर वारा असा की घर कुणीतरी मुळापासून हलवतंय. पहाटे मागच्या रायवळ आंब्याची अर्धी फांदी कौलांवर बसली. आठ दिवस वीज नाही, फोन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाऊस चालूच, पुतण्या न बोलावता आला, खांद्यावर कटर. चार तास तो त्या कौलांवर होता, आणि ओल्या कौलांवर उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. फांदी उतरवली, तुकडे करून रचून ठेवले, ताडपत्री बांधून दिली. मी दोन हजार पुढे केले. "रवांदेत, मगे बघू," म्हणाला आणि पुढच्या घराकडे गेला.

या 'मगे बघू'ला माझ्या बँकेत खातं नव्हतं. रक्कम नाही, व्याज नाही, मुदत तर नाहीच. आणीबाणीतल्या नीतीवर रँडचा एक निबंध आहे, १९६३ चा. संकटात अनोळखी माणसाला मदत करावी, स्वतःच्या जिवावर बेतत नसेल तर जरूर करावी, असं ती सांगते, आणि हे तिच्या निंदकांना सहसा ठाऊक नसतं. जहाज बुडत असेल तर सहप्रवाशांना वाचवा. पण एकदा किनाऱ्याला लागलात की त्यांचं दारिद्र्य निवारणं हे तुमचं काम उरत नाही. संकट संपतं, माणसं आपापल्या आयुष्याला लागतात. मला हे अजूनही बरोबर वाटतं. फक्त तिच्या जहाजातले लोक किनाऱ्याला लागल्यावर चार दिशांना जातात. आमचे किनाऱ्याला लागतात ते शेजारच्याच परड्यात, आणि मध्ये दोन चिरे निखळलेला गडगा.

तर ते गरे. खात खात मी त्यांचाही हिशेब मांडून बघितला, सवयच ती. फणस हे मुळातच त्यागाला निरुपयोगी फळ आहे. पंधरा किलोचा फणस दोन म्हाताऱ्यांच्या घरात फुटला की दहाव्या गऱ्यानंतर त्याची किंमत शून्य आणि संध्याकाळपर्यंत शून्याखाली, वास आणि माश्या. काकी स्वतःच सांगतात, "आमी दोघां-तिघां, येवडो फणस कोण खातलो?" म्हणजे देणाऱ्याचं काही गेलं नाही, घेणाऱ्याला मिळालं, रँडबाईंनीसुद्धा दोन गरे खाल्ले असते. पण साफ करण्याचा तासभर कुठे टाकायचा? ढोरांना घातला असता तर अख्खा घालता आला असता. मग वाटलं, हा टोमणा असेल. तू नाही म्हणालास, बघ आम्ही कसे आहोत. मग वाटलं, डाव असेल, पुन्हा विचारायला येतील. आणि मग स्वतःचीच लाज वाटली, की आपल्याला गोड गऱ्यामागेही कागद दिसायला लागलाय.

लहानपणी आजोळी, मालवणकडे, मी रापणीचा दोर ओढलेला आहे. पहाटे होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून यायची आणि मग दोन्ही बाजूंनी ओढायचं, पाय वाळूत रुतवून, मागे झुकून, दोर तळव्यांना सालपटून काढायचा. जाळं काठाला आलं की वाटे पडायचे. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा, आमच्यासारख्या पोरांना मूठभर पेडवे. व्यवहार इतका स्वच्छ की रँडला दाखवायला न्यावा. ओढलंस, घे. नाही ओढलंस, उभा राहून बघ. पण एक वाटा बाजूला पडायचा, टोपलीत भरून एका घरी जायचा, जिथून कुणीच ओढायला येत नसे. मी मामाला विचारलं, तिला का? "तिचो घोव रापणीक होतो," मामा म्हणाला. तो माणूस मी बघितलेलासुद्धा नव्हता, इतकी वर्षं झालेली. मामाने हे दया दाखवल्यासारखं सांगितलं नाही. कुणाचं किती देणं आहे ते सांगावं तसं सांगितलं. त्याच्या हिशेबाने माणूस मेला म्हणून खातं बंद होत नव्हतं.

रँडचा आदर्श माणूस व्यापारी आहे. तो फुकट घेत नाही, फुकट देत नाही, मोलाला मोल देतो आणि कुणाच्या उपकारात राहत नाही. त्या व्यापाऱ्याबद्दल मला आदर आहे, भीड घालणाऱ्या आणि भिडेला बळी पडणाऱ्या दोघांपेक्षाही जास्त. पण आमच्याकडे व्यापार चालतो तो असा की शेवटचे दोन रुपये मुद्दाम बाकी ठेवायचे. पुतण्याने पैसे घेतले असते तर आमचं फिटलं असतं, आणि फिटलं म्हणजे संपलं. त्याला, किंवा त्याच्या आधी कधीतरी इथे राहून गेलेल्या कुणाला, ते संपवायचं नव्हतं. बाबांना हे कळत होतं का, आणि त्यांची चूक फक्त एवढीच का की कुणाशी बाकी ठेवायची आणि कुणाशी नाही हे त्यांना जोखता आलं नाही? असेल. चार पावसाळे त्या एका न जोखण्याचे, एवढं मात्र खरं.

जूनच्या एक तारखेला होड्या वर ओढल्या, मासेमारी दोन महिने बंद. त्याच आठवड्यात तिठ्यावरच्या दुकानात शाळेतले गुरुजी भेटले. तरुण आहेत, घाटावरचे, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेत. खोली भाड्याची, बायको गावी, मूल लहान. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही बँकेत होतात ना? एकदा एक कागद बघता का?" मी न बघताच ओळखला. अण्णांच्या पुतण्याला ते जामीन राहिले होते, तीन दिवसांपूर्वी. मी कलम १२८ सांगितलं, जसं माझ्या टेबलासमोरच्या माणसांना सांगायचो तसं, शांतपणे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता सही झाली, सर." थोड्या वेळाने, "त्यांचीच पोरं शिकवतो. नाही कसं म्हणायचं?" दुकानाच्या पत्र्यावर पावसाचे पहिले चार थेंब पडले, टप टप, आणि थांबले. त्यांची सही ही त्यांची जबाबदारी, माझी नव्हे. हे मी त्या क्षणीही मानत होतो, आताही मानतो. पण मी 'नाही' म्हणाल्यावर तो कागद पुढे कुणाकडे जाणार हे मला, तीस वर्षं असले कागद हाताळलेल्या माणसाला, कळायला हवं होतं. शाळा माझ्या घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे.

पातेलं अजून माझ्याकडेच होतं. घासून पालथं घातलेलं, रोज सकाळी चहा करताना दिसायचं. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही हे इथे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात. बायको पुण्याला मुलीकडे, म्हणजे काय घालायचं हे मलाच ठरवायचं होतं. बेकरीतून काही आणलं तर ती परतफेड झाली असती, आणि परतफेडीचं तर माझं मलाच उमगेना. शेवटी सोलां, म्हणजे आमसुलं, घातली. यंदा पहिल्यांदाच मी रातांबे फोडून, साली मिठाच्या रसात बुडवून, पुन्हा पुन्हा उन्हात घालून स्वतः सुकवली होती, पंधरा दिवस ढगांकडे बघत. त्यांचा मला अवाजवी अभिमान होता.

गडग्याच्या खिंडारातून गेलो. अण्णा ओटीवर सुतळी वळत होते. "बसा," म्हणाले, जामिनाचं नाव नाही, पिकअपचं नाव नाही, पाऊस कधी धरणार एवढंच. काकींनी पातेल्यात बघितलं, एक सोल उचलून जिभेला लावलं. "मीठ उणा पडला," म्हणाल्या आणि आत गेल्या. आत डबा उघडल्याचा आवाज आला, मग पातेल्यात काहीतरी खळखळत पडल्याचा. बाहेर आल्या तेव्हा त्याच पातेल्यात फणसाचे तळलेले गरे होते, वर कागद.

"काकी, मी पातेलं परत द्यायला आलेलो."

"मगे द्या," काकी म्हणाल्या.

परतताना पावसाने गाठलंच. दोन्ही हातांनी पातेलं पोटाशी धरून, वरचा कागद हनुवटीने दाबत, मी निखळलेल्या चिऱ्यांवर पाय शोधत उभा होतो.